एकदाच वापरायचे सेल आणि चार्ज होणारे सेल: आत काय घडतं, आणि कुठे कोणता टाकावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: भिंतीवरच्या घड्याळात चार्ज होणारा सेल टाकला तर तो तीन-चार महिन्यांत उतरला, आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये नवेकोरे अल्कलाइन सेल टाकले तर तेही थोड्याच फोटोंत धापा टाकू लागले. एकावर १.५ व्होल्ट लिहिलंय, दुसऱ्यावर १.२, तरी दोन्ही एकाच कप्प्यात बसतात आणि चालतातही, हे कसं? साधे सेल चार्जरमध्ये घातले तर काय होईल? आणि ड्रॉवरमध्ये साठलेल्या सरमिसळ सेलांतले जिवंत कोणते, हे ओळखायचं कसं?

मी बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करतो. ‘बंद पडलंय’ म्हणून आलेल्या कितीतरी वस्तूंचा बिघाड सेलच्या कप्प्यातच सापडतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या हाताखालचा. उत्तर लांबलंय, पण घड्याळ आणि फ्लॅश या दोन्ही कोड्यांची किल्ली एकच असल्यामुळे आधी सेलच्या पोटात शिरावं लागेल.

टाकीत पाणी भरावं तशी सेलमध्ये वीज भरलेली असते, असं आपण मनात धरून चालतो. प्रत्यक्षात सेलमध्ये असतात दोन पदार्थ. एकाला आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकायचे असतात, दुसऱ्याला ते हवे असतात. दोघं एकमेकांना थेट भिडले तर देवाणघेवाण जागच्या जागी होऊन नुसती उष्णता निघेल. म्हणून मध्ये एक पडदा आणि ओलसर रसायन ठेवलेलं असतं. त्यातून भारित कण, म्हणजे आयन, जाऊ शकतात, पण इलेक्ट्रॉनना त्या वाटेनं जायला मज्जाव असतो. त्यांना बाहेरून, तारेतून वळसा घालूनच पलीकडे पोचावं लागतं. आपला रिमोट किंवा टॉर्च त्या वळशावर नाका टाकून बसलेला असतो. नाका उघडला की दोन्हीकडची रासायनिक क्रिया चालू, बंद केला की जवळजवळ थांबते. ‘जवळजवळ’ या शब्दाकडे लक्ष ठेवा, घड्याळाचं कोडं तिथेच सुटतं.

आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली जाहीर केलेली पहिली बॅटरी याच तत्त्वावर होती: जस्त आणि चांदी किंवा तांब्याच्या चकत्यांची चळत, आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे. जस्त तेव्हापासून आजतागायत आपल्या पेन्सिल सेलमध्ये टिकून आहे. एक ग्रॅम जस्त पूर्ण खर्च झालं तर सुमारे ८२० मिलिअँपिअर-तास (सेलची क्षमता याच मापात सांगतात) एवढा विद्युतभार मिळतो. पेन्सिल सेलमध्ये मावणाऱ्या काही ग्रॅम जस्तातून अडीच हजारांच्या आसपासचा आकडा येतो तो असा. म्हणजे सेल ‘संपला’ याचा सरळ अर्थ आतलं जस्त वापरून झालं.

व्होल्टेज मात्र सेल केवढा मोठा आहे यावर ठरत नाही, कोणत्या दोन पदार्थांची जोडी जमवली यावर ठरतं. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड ही जोडी साधारण दीड व्होल्ट देते, मग सेल करंगळीएवढा असो की जुन्या टॉर्चमधला जाडजूड. आकार वाढला की पदार्थ जास्त मावतो, म्हणून तो जास्त दिवस चालतो आणि एका वेळी जास्त करंट देऊ शकतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उघडली तर आत दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे सेल ओळीनं जोडलेले दिसतात. (कुतूहल असलं तरी उघडू नका.)

जस्त-मँगनीज जोडीचे दोन अवतार बाजारात आहेत, आणि त्यांतला फरक बहुतेकांना माहीत नसतो. साधा, स्वस्त ‘हेवी ड्यूटी’ असं भारदस्त नाव छापलेला सेल म्हणजे झिंक-कार्बन. त्याचं मूळ जॉर्ज लक्लांशे यांच्या १८६६च्या सेलमध्ये आहे. पुढे १८८०च्या दशकात कार्ल गास्नर यांनी त्यातलं द्रव लापशीसारखं घट्ट करून ‘कोरडा’ सेल बनवला. यात बाहेरचा डबा जस्ताचाच असतो, आणि तोच इंधनही असतो. चुलीवरचं भांडंच चुलीत घालून जाळावं, तसा प्रकार. सेल वापरत जाल तसा डबा आतून झिजतो, पातळ होतो, आणि शेवटी भोक पडून आतला चिकट ऐवज बाहेर येतो. मधोमध दिसणारी काळी कांडी कार्बनची असते. ती फक्त करंट गोळा करते.

अल्कलाइन सेलमध्ये हीच रचना आतली बाहेर केली आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लुईस अरी यांनी तो व्यवहार्य करून दाखवला. जस्ताचा पत्रा काढून त्याची पूड केली, ती जेलमध्ये मिसळून मधोमध पितळी खिळ्याभोवती ठेवली, आणि मँगनीज डायऑक्साइडचं कडं बाहेरच्या बाजूला बसवलं. ओलावा म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र अल्कधर्मी द्रावण घातलं. बाहेरचा डबा पोलादी असतो आणि तो झिजत नाही. खरी गंमत पुडीत आहे. एक गठ्ठा लाकूड पेटवणं आणि त्याचा भुसा पेटवणं यात जो फरक आहे, तोच इथे. पृष्ठभाग वाढला की क्रिया एकाच वेळी अनेक ठिकाणी होते आणि करंट भरपूर मिळतो.

आता १.५ आणि १.२चा घोळ. वेष्टनावरचा १.५ हा आकडा अल्कलाइन सेलच्या आयुष्यातल्या सुरुवातीच्या काळाचा आहे. कोरा सेल काही न जोडता मोजला तर १.६च्या आसपास दाखवतो. वापर सुरू झाला की १.५, मग १.४, १.३ असा उतार लागतो, अर्ध्या वाटेवर तो १.२च्या जवळपास येतो, आणि ०.९ला पोचला की बहुतेक उपकरणं हात टेकतात. उपकरण बनवणाऱ्याला हा उतार माहीत असतो, म्हणून चांगलं बनवलेलं उपकरण १ व्होल्टपर्यंत निभावून नेतं. चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल (पुढे त्याला निकेलवाला म्हणतो) सुरुवातीला थोडा चढा असतो, मग १.२ ते १.२५वर सपाट पठारासारखा चालत राहतो आणि अगदी शेवटी कड्यावरून पडावं तसा कोसळतो. सरासरी काढली तर दोघांत फारसं अंतर राहत नाही. एकाच कप्प्यात दोघं चालतात ते यामुळे. अपवाद आहेत. काही उपकरणं १.३च्या खाली गेलं की ‘बॅटरी कमी’ म्हणून ओरडायला लागतात, त्यांना निकेलवाला सेल पूर्ण भरलेला असूनही अर्धमेला वाटतो. दोष सेलचा नसतो, उपकरणाच्या आखणीत कसर केलेली असते.

फ्लॅशकडे येऊ. फ्लॅश दोन फोटोंच्या मध्ये आपला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एका झटक्यात सोडणारा भाग, भरून घेताना सेलकडून एकदम मोठा करंट ओढतो. प्रत्येक सेलच्या आत थोडा अडथळा असतो, त्याला अंतर्गत रोध म्हणतात. ताज्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा रोध साधारण ०.१५ ते ०.३ ओहम असतो, चांगल्या निकेलवाल्याचा ०.०३च्या आसपास. आता २ अँपिअर ओढून बघा. अल्कलाइनचा रोध ०.२ धरला तर ०.४ व्होल्ट आतल्या आतच खर्च झाले, बाहेर आले १.१. निकेलवाल्याचे आत गेले फक्त ०.०६, बाहेर मिळाले १.१४. कागदावर १.२चा सेल १.५च्या सेलला मागे टाकतो तो असा. शिवाय अल्कलाइन सेल उतरत जातो तसा त्याचा रोध वाढतच जातो, म्हणून फ्लॅश प्रत्येक फोटोनंतर जास्त वेळ कुंथत बसतो. फ्लॅशमधून बाद झालेला असा अल्कलाइन सेल खरं तर मेलेला नसतो. तो रिमोटमध्ये टाका, महिनोन्‌महिने चालेल. रिमोट बटण दाबलं की काही मिलिअँपिअर मागतो, एरवी झोपलेला असतो.

घड्याळाचं दुखणं बरोबर उलटं. क्वार्ट्झ घड्याळ सरासरीनं एका मिलिअँपिअरचाही जेमतेम काही अंश खातं. ०.१५ धरू. महिन्याचे ७२० तास, म्हणजे महिन्याला १०८ मिलिअँपिअर-तास. जुन्या पद्धतीचा निकेलवाला सेल काहीही न जोडता नुसता पडून असला तरी पहिल्या महिन्यात वीस-तीस टक्के उतरतो. २००० क्षमतेच्या सेलमधले ४०० ते ६०० तसेच गेले, म्हणजे घड्याळाच्या गरजेच्या चौपट-पाचपट. नाका बंद असतानाही आत क्रिया हळूहळू चालू राहते, तो मघाचा ‘जवळजवळ’ हाच. भोक पडलेल्या घागरीतून चमच्या-चमच्यानं पाणी पिणाऱ्याची जी गत, ती घड्याळाची. अल्कलाइन सेलमध्ये हीच गळती वर्षाला दोन-तीन टक्केच असते, त्यामुळे तो सात ते दहा वर्षं नुसता पडून राहू शकतो. २००५ साली सान्यो कंपनीनं ‘एनेलूप’ या नावानं कमी गळतीचे निकेलवाले सेल आणले. वर्षभरानंतर सुमारे ८५ टक्के चार्ज शिल्लक राहतो असा त्यांचा दावा होता, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. आता अनेकजण तसे बनवतात. वेष्टनावर ‘आधीच चार्ज केलेले’ किंवा ‘वापरायला तयार’ असं काही लिहिलं असेल तर ते याच जातीचे. हे सेल घड्याळात चालतील, पण मला विचाराल तर घड्याळाला अल्कलाइन किंवा साधा सेलच बरा. वर्ष-दीड वर्षातून एकदा बदलायच्या वस्तूसाठी चार्जरचा खटाटोप कशाला?

आता चार्ज करण्याचा मुद्दा. एका जातीचा सेल चार्ज होतो आणि दुसऱ्या जातीचा होत नाही, यामागे एकच गोष्ट आहे: वापरताना हललेला पदार्थ उलटा करंट दिल्यावर आपल्या जागी परत येतो का?

अल्कलाइन सेलमधलं जस्त वापरताना विरघळतं आणि पुढे झिंक ऑक्साइड बनून कुठेही साचतं. चार्जर लावला तर त्याचं पुन्हा जस्त होतं खरं, पण मूळच्या ठिकाणी आणि मूळच्या रूपात होत नाही. ते काट्यांसारखं, सुयांसारखं वाढतं, आणि एखादी सुई पडदा भेदून पलीकडे टेकली की सेल आतल्या आत शॉर्ट. दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइडची स्फटिकरचना जास्त उतरल्यावर अशा रूपांत जाते की तिथून परतीची वाट नसते. त्यातच ओलाव्यातल्या पाण्याचं विघटन होऊन वायू तयार होतो. या सेलला वायू जिरवण्याची सोय नाही. दाब वाढतो, तळाची सील सुटते, आणि कॉस्टिक द्रावण बाहेर येतं. क्वचित सेल फट्‌कन फुटतोही. थोडासाच उतरलेला अल्कलाइन सेल काही वेळा चार्ज होतो हे खरं आहे. तशा हेतूनं बनवलेले खास अल्कलाइन सेलही एकेकाळी मिळायचे, पण दर फेरीत त्यांची क्षमता घटत जायची. घरच्या साध्या सेलवर हा प्रयोग करून वाचतं काहीच नाही.

निकेलवाल्या सेलची रचना पाहिली की मला अजूनही कौतुक वाटतं. त्याच्या ऋण बाजूला एक मिश्रधातू असतो, लँथनमसारखे दुर्मीळ मृदा धातू आणि निकेल यांचा. तो हायड्रोजन आपल्या अणूंच्या फटींत शोषून घेतो, तोही द्रवरूप हायड्रोजनपेक्षा दाटीवाटीनं. धन बाजूला निकेलचं संयुग असतं, आणि तेही हायड्रोजन घ्यायला-सोडायला तयार असतं. सेल वापरला की हायड्रोजन इकडून तिकडे जातो, चार्ज केला की तिकडून इकडे. दोन्हीकडचे मूळ सांगाडे जागेवरच राहतात. काही विरघळत नाही, काही नव्यानं साचत नाही, फक्त येरझारा चालतात. म्हणून शेकडो फेऱ्या निघतात.

उलट फिरवता येणाऱ्या बॅटरीचा मान पहिल्यांदा मिळाला तो गास्तों प्लाँते यांच्या १८५९च्या शिसे-आम्ल बॅटरीला. गाड्यांमध्ये आजही तीच असते. १८९९ साली वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम सेल बनवला. ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका, नाहीतर सेलला सवय लागते’ हा सल्ला त्या कॅडमियमच्या काळातला. कॅडमियम विषारी, त्यामुळे ते सेल घरगुती वापरातून जवळपास हद्दपार झाले, सल्ला मात्र मागे राहिला. आजच्या निकेलवाल्या सेलला ती भीती फारशी नाही. त्याला खरा धोका दुसऱ्या टोकाचा आहे, पार तळाला जाईपर्यंत ओढण्याचा. चार सेल ओळीनं जोडलेले आहेत आणि त्यातला एक दुबळा आहे असं समजा. तो आधी संपतो, पण उरलेले तीन त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. मग त्या बिचाऱ्याचे ध्रुवच उलटे होतात आणि तो कायमचा अधू होतो. जुना-नवा मिसळू नका असं सांगतात त्यामागे हे कारण आहे. अल्कलाइनमध्येही असंच होतं, आणि बरेच सेल पाझरतात ते यामुळेच.

चार्जरबद्दल एकच ठाम मत देतो: सेलपेक्षा चार्जर चांगला घ्या. निकेलवाला सेल पूर्ण भरला की पुढचा करंट साठवला जात नाही. त्यातून ऑक्सिजन तयार होतो, तो ऋण बाजूला जाऊन जिरतो, आणि त्या जिरण्यातून उष्णता निघते. सेल गरम झाला की त्याचा व्होल्टेज काही मिलिव्होल्टनं खाली घसरतो. हुशार चार्जर ही बारीकशी घसरण टिपून थांबतो, आणि प्रत्येक सेलवर वेगवेगळी नजर ठेवतो. स्वस्त चार्जर नुसतं घड्याळ लावून बसतो किंवा काहीच करत नाही, आणि दोन-दोन सेल जोडीनंच भरतो. सेल शेवटी कोमट होणं साहजिक आहे. हातात धरवत नसेल इतका तापत असेल तर चार्जर सेलचा जीव घेतोय असं समजा.

मोबाइल-लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन सेलचा खेळही येरझारांचाच, फक्त हायड्रोजनच्या जागी लिथियम. एका बाजूला ग्राफाइटचे थर, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, निकेल किंवा लोह असलेलं संयुग, आणि लिथियमचे आयन एका घरातून दुसऱ्या घरात. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना या कामासाठी २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बाजारात लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनीनं आणला. या सेलचा व्होल्टेज ३.६ ते ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. पाण्यावर चालणाऱ्या सेलमध्ये एवढा व्होल्टेज टिकवताच येत नाही, पाणीच फुटून त्याचा वायू होतो. म्हणून इथे पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक वापरतात, आणि ते ज्वलनशील असतात. या बॅटरीत ऊर्जा एवढी का मावते आणि ती पेट का घेते, या दोन प्रश्नांची मुळं अशी एकाच जागी आहेत. त्यामुळे लिथियम-आयन सहसा एकटा सोडत नाहीत. सोबत एक इवलंसं सर्किट असतं, ते जास्त भरणं, जास्त उतरणं आणि शॉर्ट होणं यांवर पहारा देतं. फुगलेली बॅटरी दिसली तर ती टोचू नका, दाबू नका, चार्ज तर अजिबात करू नका.

या सेलला म्हातारपण दोन गोष्टींनी लवकर येतं: उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. दोन्ही एकत्र आल्या तर फारच. बराच काळ बाजूला ठेवायची वस्तू निम्मी चार्ज करून थंड जागी ठेवा. शून्य अंशाखाली मात्र चार्ज करू नका, कारण थंडीत लिथियम थरांत शिरण्याऐवजी वरच धातू म्हणून साचतं.

पेन्सिल सेलच्या आकारातही लिथियम मिळतं, आणि इथे लोक फसतात. एक असतो एकदाच वापरायचा लिथियम-लोह डायसल्फाइड सेल. १.५ व्होल्टचा, वजनाला हलका, कडाक्याच्या थंडीत उणे ४० अंशांपर्यंत काम करणारा. तो चार्ज होत नाही. दुसरा असतो चार्ज होणारा लिथियम-आयन, ज्याच्या पोटात ३.७चे १.५ करणारं सर्किट बसवलेलं असतं. तो शेवटपर्यंत १.५ देतो आणि मग काही पूर्वसूचना न देता एकदम बंद पडतो, त्यामुळे उपकरणाचा बॅटरी दाखवणारा काटा शेवटच्या क्षणापर्यंत ‘भरलेली आहे’ असंच सांगत राहतो. त्याला त्याचाच चार्जर लागतो. तिसरा सगळ्यांत धोक्याचा, १४५०० या आकड्याचा सेल. दिसायला तंतोतंत पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. रिमोटमध्ये असे दोन टाकले की रिमोट गेलाच म्हणून समजा.

जाता जाता पॉवर बँकेच्या आकड्याबद्दल, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारतात. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टनं देताना तोच हिशेब ७,४००वर येतो, आणि रूपांतरातली घट वजा जाता त्याहूनही कमी. तुलना करायची तर वॉट-तासांत करावी. त्या मापानं अल्कलाइन पेन्सिल सेल म्हणजे जेमतेम ३ वॉट-तास, १० वॉटचा दिवा वीस मिनिटंसुद्धा चालणार नाही.

पाझरण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण नुकसान तिथेच होतं. माझा स्वतःचा एक चांगला मीटर मी दोन वर्षं कपाटात विसरलो होतो, बाहेर काढला तर स्प्रिंगा पांढऱ्या बुरशीनं भरलेल्या आणि तांब्याच्या वाटा हिरव्या. दुसऱ्यांना सांगायचं आणि आपण विसरायचं, तशातली गत. अल्कलाइन सेलमध्ये जस्त पडल्या-पडल्याही थोडं थोडं गंजतं आणि हायड्रोजन सुटतो. पूर्वी हे रोखायला पारा घालत. पारा विषारी म्हणून तो काढून टाकल्यावर शुद्ध जस्त आणि इतर उपायांवर भागवावं लागतं. पूर्ण उतरलेल्या सेलमध्ये वायूचा जोर जास्त, म्हणून उतरलेला सेल उपकरणात तसाच ठेवणं हे सर्वांत वाईट. बाहेर आलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरी पूड होते. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, कोरडी पूड फुंकू नका. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा एखादा थेंब घेऊन पुसा, फसफसणं थांबलं की पाण्याच्या ओल्या काडीनं, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून वाळू द्या. झिंक-कार्बनचा स्राव किंचित आम्लधर्मी असतो, तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही, ओल्या काडीनं पुसलं तरी पुरतं.

बटन सेलची नावं गूढ वाटतात, पण पहिलं अक्षर रसायन सांगतं. एलआर४४ अल्कलाइन, १.५ व्होल्ट. एसआर४४ त्याच मापाचा सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट, आणि शेवटपर्यंत सपाट चालणारा. म्हणून मोजमापाच्या उपकरणांत आणि मनगटी घड्याळांत तो बरा. सीआर२०३२ म्हणजे ३ व्होल्टचा लिथियम-मँगनीज, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा. कानाच्या यंत्रातला झिंक-एअर सेल सर्वांत मजेदार: तो अर्धं रसायन हवेतून घेतो. चिकटपट्टी काढली की ऑक्सिजन आत शिरतो आणि सेल जागा होतो. पट्टी परत लावून तो खऱ्या अर्थानं झोपत नाही, त्यामुळे लागेल तेव्हाच पट्टी काढावी.

लहान मुलं असलेल्या घरात मात्र बटन सेलच्या बाबतीत गंमत नाही. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या ऊतीतून करंट वाहतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतं, आणि दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेल पाझरायची गरजच नसते, आणि उपकरण चालत नाही म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही एवढा जोर उरलेला असतो. नुसता संशय आला तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठा. ज्या खेळण्याचं किंवा रिमोटचं सेलचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं, ते मुलाच्या हाती देऊ नका.

आता तुमचा ड्रॉवर. सेल फ्रीजमध्ये ठेवून काही साधत नाही, अल्कलाइनची गळती मुळात नगण्य आणि बाहेर काढल्यावर धातूवर दव जमतं ते वेगळंच. सेल टेबलावर उभा टाकून उसळतो का बघण्याची युक्ती अर्धी खरी आहे. जस्ताचं जेल झिंक ऑक्साइड बनून घट्ट होतं म्हणून वापरलेला सेल जास्त उसळतो, हे बरोबर. पण प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की ही उसळी सेल निम्मा उतरेपर्यंतच पूर्ण वाढलेली असते. म्हणजे ‘कोरा नाही’ एवढंच कळतं, ‘मेलाय’ हे कळत नाही.

मल्टिमीटर असेल तर नुसता व्होल्टेज बघू नका, दमलेला सेलही विश्रांती घेऊन १.४ दाखवतो. १० ओहमचा रेझिस्टर दोन्ही टोकांना पाच सेकंद लावा आणि त्याच वेळी मोजा. १.४च्या वर असेल तर अल्कलाइन सेल जवळपास कोरा, १.२-१.३ असेल तर अर्धवट वापरलेला, १.१च्या खाली गेला तर फार तर रिमोटमध्ये काही दिवस. बटन सेलला ही परीक्षा लावू नका, त्याला एवढा करंट झेपत नाही. निकेलवाल्याचं पठार सपाट असल्यामुळे व्होल्टेजवरून त्याचा काहीच अंदाज येत नाही. क्षमता मोजणारा चार्जर असेल तर एकदा पूर्ण भरून-उतरवून आकडा घ्यावा, लिहिलेल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल तर तो सेल फ्लॅशच्या कामाचा उरला नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात, किल्ल्या किंवा स्टील वूलला टेकली तर आग लागू शकते, म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावूनच ठेवा. चार्ज होणारे आणि लिथियमचे सेल साध्या कचऱ्यात टाकू नका, कचरा दाबताना ते पेटतात.

फ्लॅशसाठी कमी गळतीचे चार निकेलवाले सेल एकाच वेळी घ्या, पक्क्या शाईनं चौघांवर एकच खूण आणि तारीख घाला, आणि ते चार कायम एकत्रच भरा, एकत्रच वापरा. त्यांतला एखादा रिमोटसाठी उचलला आणि नंतर परत आणून ठेवला, तर पुढच्या खेपेला ध्रुव उलटे होणारा तोच असेल.